मदत हवी आहे: स्टेजवरून नावं वाचायची आहेत आणि हॉल हसतो

नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितेय, शनिवारी कार्यक्रम आहे. आमच्या कॉलेजचा गुणगौरव समारंभ, आणि सूत्रसंचालन माझ्या गळ्यात पडलंय कारण नेहमीच्या मॅडम रजेवर आहेत. माईकची भीती वगैरे नाही मला, प्रॉब्लेम आहे यादीतल्या नावांचा.

म्हणजे बघा, वाघ, लांडगे, कोल्हे, मोरे वाचलं तर कुणाला काही वाटत नाही. कावळे, घारेसुद्धा खपून जातात. पण उंदरे, डुकरे, ढेकणे, गाढवे आलं की मागच्या बाकांवरून सुरू! जनावरांतही मानाची आणि बिनमानाची असतात बहुतेक. शिवाय रडे, झोपे, आगलावे, पोटदुखे आहेतच. काही आईबापांनी नाव ठेवलंय अगदी पराक्रमी, भालाबिला घेऊन निघाल्यासारखं, आणि पुढे आडनाव उंदरे. (पूर्ण नावं इथे देत नाही, पोरं आमचीच आहेत.)

मागच्या वेळी ज्यांच्याकडे माईक होता त्यांनी कोटी केली, "झोपे, आता जागे व्हा आणि वर या". हॉल खिदळत बसला आणि तो मुलगा वर आलाच नाही. विषयात पहिला आला होता, प्रमाणपत्र नंतर गुपचूप ऑफिसातून घेऊन गेला. मला तसलं काही व्हायला नकोय.

त्यात यादी एक्सेलमध्ये आणि तीही इंग्रजीत, त्यामुळे गढवे की गाढवे कळायला मार्गच नाही, काळे की काले, गोळे की गोले, सगळं अंदाजपंचे. गढवेला गाढवे म्हटलं तर मेलेच मी.

आणि एक नाव आहे नकुशा. त्यावर कोणी हसणार नाही कदाचित पण मलाच ते माईकवरून म्हणवत नाहीये. काय करू? आडनावं गाळून नुसती नावं वाचू का? की सुरुवातीलाच मुलांना दम भरू, हसायचं नाही म्हणून?

खडूस_काकू:
दम अजिबात भरू नकोस गं. हसू नका म्हटलं की हॉल वाटच बघत बसतो कुठलं नाव येतंय त्याची. आणि आडनावं गाळू नकोस, घरचे लांबून आलेले असतात, त्यांना पूर्ण नाव ऐकायचं असतं स्पीकरवरून. फक्त काहींचंच गाळलंस तर अजूनच वाईट, ते तर सरळ बोट दाखवणं झालं.

ढेकणे_बोलतोय:
आयडीवरून कळलंच असेल. शाळेपासून हजेरीला ऐकत आलोय त्यामुळे अनुभवाचं सांगतो, लोक आडनावाला हसत नाहीत, वाचणाऱ्याच्या थांबण्याला हसतात. नाव घेतलं, मग जरा थबकले, कागद जवळ धरला, ओठ दाबले, आणि मग ढेकणे. त्या अर्ध्या सेकंदात सगळ्या हॉलला कळतं की पुढे काहीतरी गंमत येतेय. आमचे एक सर होते, ते जोशी ज्या सुरात म्हणायचे त्याच सुरात ढेकणे म्हणायचे आणि लगेच पुढचं नाव, कुणाला हसायला फटच मिळायची नाही. तेव्हा घरी मोठ्याने यादी वाच, चार-पाचदा, इतकी की तुला स्वतःला त्यात काही वाटेनासं होईल. आडनावानंतर लगेच विषय नाहीतर बक्षीस जोड, म्हणजे "ढेकणे, रसायनशास्त्र, प्रथम". वाक्य आडनावावर संपलं नाही पाहिजे, शेवटच्या शब्दावर लोक प्रतिक्रिया देतात आणि तो शब्द "प्रथम" असला की टाळ्याच पडतात.

आता कुणीतरी विचारणारच की बदलून का नाही घेत. माझ्या चुलतभावाने घेतलंय, राजपत्रात छापून आणलं, गावाच्या नावाला कर लावून मोकळा झाला. मग मार्कशीट, पॅन, बँक, सातबारा सगळीकडे पळापळ, आणि गावात अजून ढेकण्यांचाच म्हणतात त्याला. मी नाही बदलणार.

निवांत७:
पोटदुखे आडनावाला हसणाऱ्यांना सांगा, चंद्रपूरचे खासदार शांताराम पोटदुखे नरसिंह राव सरकारात अर्थ राज्यमंत्री होते. आणि धोंडो नाव आज कुणी ठेवलं तर शाळेत पोराला जगू देणार नाहीत, पण धोंडो केशव कर्व्यांना 1958 मध्ये भारतरत्न मिळालं. पूर्वी मुलं जगत नसली की मुद्दाम असली नावं ठेवायचे, दगडू, धोंडू, केरू, भिकाजी, म्हणजे नजर लागू नये. अर्थात हे स्टेजवर सांगत बसू नका, इथल्यासाठी सांगतोय.

खडूस_काकू:
नकुशाचं मात्र वेगळं आहे हं. केरू, दगडू हे पोर जगावं म्हणून, आणि नकुशा ही मुलगी नको होती म्हणून. 2011 मध्ये साताऱ्यात जिल्हा प्रशासनाने अशा 280 हून जास्त मुलींची जाहीर कार्यक्रम घेऊन नावं बदलली होती, तेव्हा बऱ्याच पोरींनी आपलं नवीन नाव स्वतः निवडलं होतं. तुझ्या मुलीला आधी भेट आणि एकटीत विचार, माईकवरून काय म्हणू. कदाचित घरी, मैत्रिणींत वेगळंच नाव चालत असेल. प्रमाणपत्रावर कागदोपत्रीचं राहू दे, पुकारायचं तिला हवं ते. आणि ती म्हणाली की हेच नाव घ्या तर हेच घे, कीव न करता.

बिनपगारी:
गढवे-गाढवेसाठी प्रवेश अर्ज काढायला सांगा ऑफिसला, बहुतेक अर्जांवर नाव देवनागरीतही असतं. नाहीतर रांगेत उभं करताना प्रत्येकाच्या हातात चिठ्ठी द्या, स्वतःचं नाव मराठीत लिहून आणायला सांगा आणि वर आल्यावर ती चिठ्ठी बघून वाचा. गर्दीत कुणी गैरहजर असलं तरी क्रम चुकत नाही, हा बोनस.

धागाकर्ती:
चिठ्ठीची आयडिया एकदम झकास, उद्याच सांगते सगळ्यांना! ढेकणे दादा, तुमची "प्रथम"वाली ट्रिक घरी करून बघितली, नवरा समोर बसला होता, तो डुकरेला हसला पण उंदरेला नाही, म्हणजे सुधारणा आहे. नकुशाशी आज बोलले. तिचं दुसरं नाव आहे, छान आहे, तेच घेणार.

आता एकच राहिलं. प्रमुख पाहुण्यांचं आडनाव केसकर आहे आणि डोक्यावर एक केस नाही. मागची बाकं सोडा, मलाच हसू येतंय.

ढेकणे_बोलतोय:
परिचय दुसऱ्या कुणाला तरी करू दे, आणि पाहुण्यांचं भाषण आधी ठेव. तो विनोद ते स्वतःच करतील बघ, इतकी वर्षं झाली त्यांना, पाठ असणार.