मॉनिटरकडे टक लावली म्हणजे लक्ष दिलं?

भूलथाप: काल इथे एकाने सुचवलं, भूल देण्याच्या सिम्युलेशनमध्ये, म्हणजे पुतळ्यावरच्या सरावात, रेसिडेंटला (शिकाऊ डॉक्टरला) नजर टिपणारा आय-ट्रॅकिंग चष्मा चढवा, पेशंटच्या मॉनिटरवर नजर किती सेकंद होती ते मोजा आणि त्यावर गुण द्या. डोकंच फिरलं. श्वासनलिकेत ट्यूब घालताना नजर स्वरयंत्रावर हवी की आकड्यांवर? नजर पडली म्हणजे दिसलं, असंही नाही. ड्र्यू, वो आणि वुल्फ यांचा 2013 चा प्रयोग: फुप्फुसाच्या सीटीत गोरिला चिकटवला, 24 पैकी 20 रेडिओलॉजिस्टना दिसला नाही. त्यातल्या 12 जणांची नजर थेट त्याच्यावरून गेली होती!

सिमलॅबवाला: गोरिला सगळ्यांना पाठ आहे. पण नजर गेलीच नाही त्याने आकडा वाचला, हे कसं मानायचं? सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) 80 टक्क्यांच्या खाली आणि साहेब अजून लॅरिंगोस्कोपशी (घशात बघायच्या उपकरणाशी) झटतायत. रेकॉर्डिंग लावलं की "सर, बघत होतो" बंद होतं.

भूलथाप: बघायचं कशाला? सॅच्युरेशन उतरलं की बीपचा सूर उतरतो. तुमच्या चष्म्याला कान आहेत?

तारसप्तक: बीपवरून आठवलं. मॅनिकिनचा (सरावाच्या पुतळ्याचा) मॉनिटर म्हणजे टॅबलेट, आवाज शून्यावर. पोरं आकड्यांकडे बघायलाच शिकतात. आधी स्पीकर लावा. ऑपरेशन थिएटरमध्ये तरी काय, सर्जनला गाणी ऐकायची म्हणून बीप बारीक.

कात्रीवाले: सर्जनला मध्ये ओढू नका. कॉटरी (विजेने रक्त थांबवायचं यंत्र) लावली की ईसीजीची रेघ बिघडते, अलार्म कोकलतो आणि तो गप्प तुम्हीच करता.

तारसप्तक: खोटा अलार्म गप्प करणं आणि बीप मारणं यातला फरक कळतो का?

अंशमात्र: भांडा खुशाल, पण गुणांचं काय? एक अंशाची चूक म्हणजे दोन मीटरवर साडेतीन सेंटिमीटर. तेवढ्यात सॅच्युरेशन सोडून शेजारचा आकडा मोजला जातो. चष्मा घसरला की कॅलिब्रेशन (नजरेची जुळणी) गेलं. काजळ असेल तर डोळ्याच्या बाहुलीची कड सापडत नाही. खाली बघताना पापणी बाहुलीवर येते, म्हणजे ऐन लॅरिंगोस्कोपीत डेटा गायब. 50 हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला 50 धरले तर, दहा मिनिटांचे 30,000 नमुने. ते तपासत कोण बसणार? पीजीच, म्हणजे पदव्युत्तर शिकणारी पोरं.

सिमलॅबवाला: बरं बाबा, गुण नकोत. सुरुवातीला आणि शेवटी भिंतीवरच्या त्याच खुणेकडे बघायला लावा, घसरण कळते. फार घसरला असेल तर रेकॉर्डिंग फेका. वापर फक्त डिब्रीफिंगपुरता, म्हणजे सरावानंतरच्या चर्चेपुरता. झालं समाधान?

भूलथाप: डिब्रीफिंगला चालेल. उपकार झाले.

कात्रीवाले: कॉटरीचं उत्तर राहिलं.

तारसप्तक: कॉटरीची प्लेट पेशंटला नीट चिकटवा, ईसीजीचे इलेक्ट्रोड चिरेपासून लांब लावा, मॉनिटरचा फिल्टर सर्जरी मोडवर ठेवा. घ्या उत्तर.