मदत हवी आहे : मांडीच्या हाडाच्या शस्त्रक्रियेनंतर आखडलेला गुडघा ८० अंशांवर अडला आहे

नमस्कार,

मी कोल्हापुरात फिजिओथेरपीचा लहानसा दवाखाना चालवते आणि स्वतंत्रपणे काम करण्याचे हे माझे चौथे वर्ष आहे. एका रुग्णाच्या गुडघ्याबाबत अनुभवी मंडळींचे मार्गदर्शन हवे आहे. त्यांची संमती घेऊन आणि ओळख पटेल असा तपशील गाळून लिहीत आहे.

रुग्ण ४६ वर्षांचे असून करवीर तालुक्यातील शेतकरी आहेत. दुचाकी घसरून त्यांच्या उजव्या मांडीचे हाड गुडघ्याच्या जरा वर मोडले आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूने छेद घेऊन प्लेट बसवण्यात आली. त्याला आता १४ आठवडे झाले. पहिले सहा आठवडे पाय ब्रेसमध्ये सरळ होता आणि ते माझ्याकडे आठव्या आठवड्यात आले. हाड समाधानकारक जुळत आहे, पण अजून पूर्ण जुळलेले नाही, असे त्यांच्या सर्जननी गेल्या आठवड्यातील एक्स-रे पाहून सांगितले आणि पायावर निम्मा भार देण्याची परवानगी दिली.

पहिल्या दिवशी मी वाकवला तेव्हा गुडघा ६२ अंश वाकला. अकराव्या आठवड्यात ७८ अंशांची नोंद झाली आणि तेव्हापासून तीन आठवडे तो ८० अंशांच्या पुढे सरकलेला नाही. मी सरळ केला तर ५ अंश कमी पडतात, पण त्यांनी स्वतःच्या ताकदीने सरळ केला तर १५ अंश कमी पडतात. डावा गुडघा १४० अंशांपर्यंत वाकतो. गुडघ्याची वाटी दोन्ही बाजूंना थोडी हलते, खाली मात्र जवळजवळ सरकतच नाही. बाहेरील व्रण हाताला दोरीसारखा लागतो आणि त्याच्या खालच्या टोकाला कातडी आतल्या थराला चिकटलेली आहे.

येथे माझ्या हातून झालेली चूक सांगणे भाग आहे. या आठवड्यात नोंदवही मागून पुढे चाळली तेव्हा लक्षात आले की ६२ अंशांचे मोजमाप त्यांना उताणे झोपवून, मांडी खाटेवर सपाट ठेवून आणि पाय कडेखाली सोडून घेतलेले आहे, तर ७८ चे मोजमाप खाटेच्या कडेला बसवून आणि तेही शेक दिल्यानंतर घेतलेले आहे. म्हणजे ज्या १६ अंशांच्या प्रगतीवर मी आणि रुग्ण दोघेही समाधानी होतो, तिच्यातील किती अंश सांध्याचे, किती शेकाचे आणि किती बसण्याच्या स्थितीचे, हे मला आज सांगता येत नाही. याचे मला फार वाईट वाटते, कारण त्या आकड्यांच्या भरवशावर मी ताण वाढवत गेले.

गेल्या आठवड्यात मी ताण वाढवला आणि त्याच सुमारास गावातील एका गृहस्थांकडून त्यांनी तेल लावून गुडघा जोरात चोळून घेतला. दुसऱ्या दिवशी वाटीच्या मध्यावरील घेर दीड सेंटिमीटरने वाढला होता. आपल्याकडे तालमीतल्या मालिशीवर लोकांचा पिढ्यान्‌पिढ्या विश्वास आहे आणि तो मी हिणवत नाही, पण जुळत असलेल्या हाडाजवळ हे नको, हे त्यांना पटवताना माझी दमछाक होते.

त्यांची मागणी एकच आहे. त्यांच्या घरी चार म्हशी आहेत आणि अपघातापासून धारेचा सगळा भार त्यांच्या पत्नीवर पडला आहे. दवाखान्यात त्यांनी मला मुद्दाम बसून दाखवले : डाव्या हाताने खाटेचा आधार घेतला, डावी टाच खाली घेतली, उजवा पाय लाकडासारखा पुढे राहिला आणि दोन गुडघ्यांत धरण्यासाठी घेतलेली रिकामी बादली कलंडली. “धारंला बसाय आलं पायजे, बाकी काय न्हाई,” एवढेच ते म्हणाले. उकिडवे बसण्यासाठी साधारण १३० अंशांपेक्षा जास्त वाकावे लागते आणि आम्ही अजून जिना नीट उतरण्याइतकेही पोहोचलेलो नाही.

माझ्या मनात प्रश्न असा आहे की ही अडवणूक सांध्याच्या वेष्टणातील आहे, मांडीच्या पुढच्या स्नायूतील आहे, की तो स्नायू हाडाला चिकटल्यामुळे आहे, हे हाताने तपासून कसे ओळखावे, आणि त्यानुसार उपचार कसे बदलावेत? जोर वाढवावा, की थांबून सर्जनकडे पाठवावे?

प्रतिसाद (सांगली, २२ वर्षांचा अनुभव)

ताई, तुम्ही चूक उघड सांगितलीत हे बरे झाले, कारण माझे उत्तर तिथूनच सुरू होते. आधी मोजण्याची एकच पद्धत ठरवा. गोनिओमीटरचा, म्हणजे सांध्याचा कोन मोजण्याच्या दोन दांड्यांच्या साधनाचा, मध्य मांडीच्या हाडाच्या बाहेरील उंचवट्यावर, एक दांडी खुब्याजवळच्या उंचवट्याच्या दिशेने आणि दुसरी बाहेरील घोट्याच्या दिशेने ठेवा. शेक देण्यापूर्वी, त्याच खाटेवर आणि त्याच वेळी मोजा. एकाच माणसाने मोजले तरी चार-पाच अंश इकडे-तिकडे होतात, त्यामुळे ७८ चे ८० झाले याला बदल म्हणू नका.

मग एक साधी तुलना करा. खुबा वाकवून गुडघा किती वाकतो ते पाहा आणि खुबा सरळ ठेवून किती वाकतो तेही पाहा. मांडीच्या पुढच्या चार स्नायूंपैकी एकच, म्हणजे रेक्टस फिमोरिस, खुबा आणि गुडघा दोन्ही ओलांडून जातो. खुबा सरळ केल्यावर वाकणे बरेच घटले तर तो आखूड झाला आहे. दोन्ही स्थितींत आकडा जवळपास सारखाच आला तर अडवणूक एकतर सांध्यात आहे किंवा त्याच चौघांपैकी हाडाला लगटून असलेल्या व्हॅस्टस इंटरमीडिअस या स्नायूमध्ये आहे. इथे वाटी साक्ष देते. मांडी आवळायला सांगा आणि वाटी वर किती चढते ते डाव्या बाजूशी ताडून पाहा. स्नायू हाडाला धरलेला असेल तर वाटी खालीही सरकत नाही आणि आवळल्यावर पुरेशी वरही चढत नाही. तुमच्या रुग्णाचे स्वतः सरळ करतानाचे जे १० अंश जास्त कमी पडतात, ते केवळ अशक्तपणामुळे आहेत असे धरून चालू नका.

सिरिॲक्स यांनी सांगितलेला शेवटचा स्पर्श, म्हणजे हालचाल संपते तिथे हाताला काय जाणवते, तोही नोंदवा. चामड्यासारखा घट्ट पण किंचित ढळणारा लागला तर काम करण्यास वाव आहे. लाकडावर लाकूड आपटल्यासारखा कठीण लागला तर जोर करू नका आणि एक्स-रे पुन्हा दाखवा. रुग्ण दुखते म्हणून आधीच थांबवत असेल, तर तो अंश सांध्याचा नसून वेदनेचा आहे.

हाड पूर्ण जुळेपर्यंत नडगीच्या खालच्या टोकाला धरून गुडघा कधीही दाबू नका. त्या लांब तरफेचा सगळा जोर मोडलेल्या जागेवर येतो. हात सांध्यालगत ठेवा, वाटी खाली सरकवा आणि नडगीच्या हाडाचे वरचे टोक मागे सरकवा. हाताने सांधा हलवण्याच्या मेटलंड यांच्या श्रेणींपैकी पहिल्या-दुसऱ्या, म्हणजे अडवणुकीच्या अलीकडेच थांबणाऱ्या, श्रेणीने दुखणे शमवा आणि अडवणुकीत शिरणारी तिसरी-चौथी सर्जनना विचारूनच सुरू करा. हलका ताण १५-२० मिनिटे टिकवून ठेवलेला, दिवसातून दोन-तीनदा, हा दोन मिनिटांच्या दणक्यापेक्षा कितीतरी उपयोगी पडतो. दुसऱ्या सकाळी घेर वाढला किंवा अंश घटले, तर आदल्या दिवशीचा डोस जास्त झाला एवढाच अर्थ घ्या आणि कमी करा. पोटरी एकाएकी सुजली, ताप आला, किंवा पायाची कातडी चकचकीत होऊन आग होऊ लागली, तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवा.

धागाकर्ती (नऊ दिवसांनंतर)

सर, मनापासून आभार. तुम्ही सांगितल्याप्रमाणे शेकण्यापूर्वी, सकाळी दहा वाजता, नव्याने मोजले. खुबा वाकवून ८० आणि खुबा सरळ ठेवून ७७ अंश आले. मांडी आवळल्यावर उजवी वाटी डाव्या वाटीच्या निम्मीही वर चढत नाही. शेवटचा स्पर्श चामड्यासारखा आहे. आता नजर वाटीवर, व्रणावर आणि स्नायू आवळण्यावर केंद्रित केली आहे. सर्जनना प्रत्यक्ष भेटले. त्यांनी सांध्यालगत हात ठेवून तिसऱ्या श्रेणीपर्यंत जाण्यास संमती दिली.

घरचा व्यायाम मी धारेच्या वेळांना बांधून दिला. पत्नी गोठ्यात जाते तेव्हा सकाळ-संध्याकाळ ते कॉटच्या कडेला बसून डाव्या पायाने उजवी नडगी, गुडघ्याच्या जवळ, हलकेच मागे रेटून धरतात. म्हशीची एखादी लाथ बसण्याच्या धोक्यामुळे गोठ्यात बसण्यास मात्र मी अजून नकार दिला आहे.

आज ८३ अंश आले. नोंदवहीत “बदल सिद्ध नाही” असेच लिहिले आहे, पण वाटी खाली बोटभर नाही तरी तीळभर सरकू लागली आहे आणि ते माझ्या अंगठ्याला स्पष्ट कळते. शेवटचे एक विचारायचे आहे : सर्जनकडे चिकटलेले स्नायू सोडवण्याच्या शस्त्रक्रियेचा विषय केव्हा काढावा?

प्रतिसाद (सांगली)

हाड पूर्ण जुळल्याशिवाय नाही. याच पद्धतीने चार ते सहा आठवडे करा, दर आठवड्याला एकदाच मोजा. त्या काळात मोजण्यातील फरकापेक्षा जास्त अंश मिळाले नाहीत, तर नोंदी घेऊन त्यांना भेटा. भूल देऊन गुडघा वाकवणे मोडलेल्या हाडात धोक्याचे ठरू शकते आणि चिकटणे सांध्याच्या बाहेर असेल तर त्याचा उपयोगही मर्यादित असतो, म्हणून तो निर्णय त्यांचाच. तोवर दवाखान्यात खुर्ची, मग स्टूल, मग दोन पाट, असे बसण्याची उंची उतरवत न्या आणि प्रत्येक उंची सेंटिमीटरमध्ये लिहून ठेवा.

धागाकर्ती

उद्यापासून सुरू करते. स्टूल ४८ सेंटिमीटरचे आहे. बादली त्यांनी स्वतःच आणून ठेवली आहे.