'राइड द लायटनिंग' : गॅदरिंगच्या २० मिनिटांत काय वाजवावं आणि साउंड कसा लावावा?

रिफवाला_लातूर
'राइड द लायटनिंग' या मेटालिका बँडच्या दुसऱ्या अल्बममधली गाणी कॉलेजच्या गॅदरिंगला करायची आहेत. वेळ २० मिनिटं, स्टेजवर चढणं-उतरणं त्यातच. दोन गिटार, बास, ड्रम्स. सामान म्हणजे १५ वॅटचा एक प्रॅक्टिस अँप आणि एक मल्टीइफेक्ट प्रोसेसर, बास थेट मिक्सरला. हॉल पत्र्याचा आहे. तीन गोष्टी अडल्यात. गाणी कुठली घ्यावीत? ट्यूनर बरोबर दाखवतो, तरी रेकॉर्डसोबत वाजवताना आपला सूर खाली का राहतो? आणि गेन (आवाज फाटका करणारं बटण) दहावर नेला तरी जाडपणा का येत नाही, नुसती भणभण का होते?

पामम्यूट
जाडपणाचं आधी. तो गेनचा नाहीच. रिदम गिटारचे थर गायक-गिटारवादक हेटफिल्डने स्वतः एकावर एक रेकॉर्ड केलेत, दुसरा गिटारवादक हॅमेटकडे मुख्यतः सोलो. तुमच्याकडे दोन गिटार आहेत, तर दोघांनी तोच रिफ (पुन्हा पुन्हा येणारा तुकडा), तीच पट्टी, तोच म्यूट (तळव्याने तारा दाबणं) वाजवा आणि गेन प्रत्येकी पाचच्या वर नेऊ नका. गेन वाढला की पिकचा (तार छेडायच्या चकतीचा) टणका मरतो, मग दोन गिटार मिळून एक मोठी माशी होते. मिड (मधले सूर) कापू नका. घरी एकट्याने वाजवताना कापलेला मिड कानाला गोड लागतो, हॉलमध्ये झांजांखाली गिटार गायब होते. अँपची बटणं बास ४, मिड ६, ट्रेबल ६ वर सुरू करा, मग कानाने ठरवा.

सुराचं म्हणाल तर तुमचा ट्यूनर बरोबरच आहे. हा अल्बमच ४४० हर्ट्झच्या (ट्यूनरच्या नेहमीच्या 'ए' सुराच्या) किंचित वर आहे. सरावाला ट्यूनरचं कॅलिब्रेशन एकेक हर्ट्झ वर नेत रेकॉर्डशी जुळवा, नाहीतर मोबाइलवर गाण्याचीच पट्टी जरा उतरवा. स्टेजवर मात्र सगळे ४४० लाच.

सिडको_थ्रॅश
गाणी : 'फॉर हूम द बेल टोल्स', 'फेड टू ब्लॅक', 'क्रीपिंग डेथ'. साधारण ५, ७ आणि साडेसहा मिनिटं, म्हणजे साडेअठरा झाली. मधे गप्पा मारायला जागा नाही. 'फाइट फायर विथ फायर'चा मोह टाळा. पत्र्याच्या हॉलमध्ये आवाज घुमतो, आणि त्या वेगातले सोळांश (एका ठोक्यात चार स्वर) एकमेकांवर चढून लापशी होते. 'बेल टोल्स' मिनिटाला ११८ ठोक्यांच्या आसपास चालतं, तिथे प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो. शिवाय सुरुवातीला बास उघडा वाजतो, तेवढ्यात साउंडवाल्याला लेव्हल धरता येते. म्हणून ते पहिलं.

ती सुरुवात बऱ्याच जणांना गिटार वाटते. तो मेटालिकाच्या क्लिफ बर्टनचा बास आहे, डिस्टॉर्शन (फाटका आवाज) आणि वाह (पायाने 'वा-वा' करणारं पेडल) लावलेला, मानेच्या वरच्या भागात. आधी फझ (डिस्टॉर्शनचा खरखरीत प्रकार), मग वाह. स्वर वरचे असल्याने गिटारचा वाहसुद्धा चालून जातो. बास थेट मिक्सरला आहे, तर प्रोसेसरमधलं कॅबिनेट सिम्युलेशन (स्पीकरच्या पेटीच्या आवाजाची नक्कल) चालू ठेवा. ते नसेल तर ५ किलोहर्ट्झच्या वरचं कापायला सांगा, नाहीतर फझचा डास होतो. गाणं पुढे सरकलं की फझ बंद, नाहीतर खालचा भरणा जातो.

'फेड टू ब्लॅक'ला अकूस्टिक आणू नका. फीडबॅक येईल आणि गिटार बदलण्यात मिनिट जाईल. क्लीन पॅचवरच (प्रोसेसरमधल्या बिनडिस्टॉर्शनच्या आवाजावर) घ्या, पण त्याची लेव्हल तीनेक डेसिबल वर ठेवा. डिस्टॉर्शन दाबलेलं असतं म्हणून मोठं वाटतं, त्यामागून क्लीन आलं की कडव्यातली ए मायनर-सी-जी-ई मायनरची आर्पेजिओ (कॉर्डचे एकेक सुटे स्वर) ऐकूच येत नाही.

पामम्यूट
'फेड'वर मी सहमत नाही. नवख्या बँडचा त्यात शेवटच्या सोलोपर्यंत दम टिकत नाही. शिवाय शब्द जीव देण्याबद्दलचे आहेत, गॅदरिंगच्या सरांनी अर्थ विचारला तर उत्तर तयार ठेवा. त्यापेक्षा दोनच गाणी नीट करा. 'क्रीपिंग डेथ' २०० च्या आसपास आहे, रिफ डाऊनपिकिंगने (प्रत्येक फटका वरून खाली). १५० वर सुरू करा, पाच-पाचने चढवा. कोपरातून जोर लागायला लागला की तिथेच थांबून वेग उतरवा. १ मिलिमीटरचं पिक, १०-४६ जाडीच्या तारा. मधल्या 'डाय'च्या घोषात हॉल आपोआप सामील होतो. तो भाग हॅमेटने आधीच्या बँडमधून, एक्झोडसमधून, सोबत आणलेला.

अर्थिंग_परभणी
सगळं ठीक, पण स्पीकरमधली गुणगुण कोण बघणार? गॅदरिंगच्या दिवसांत आपल्याकडची काळी माती सुकून भेगाळते, अर्थिंगच्या रॉडपासून सुटते आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. आदल्या दिवशी खड्ड्यात मिठाचं पाणी जिरवा. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थमध्ये बघा, दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर वायरमनला बोलवा. अँप, प्रोसेसर आणि मिक्सर एकाच बोर्डावर, लाइटिंग वेगळ्या फेजवर. गुणगुण घालवायला अर्थची पिन काढणारा शहाणा प्रत्येक हॉलमध्ये भेटतो, त्याला हात लावू देऊ नका. गाणाऱ्याने गिटार धरून माइकला ओठ लावायच्या आधी तार आणि माइकची जाळी यांच्यात मीटर धरा. तिथे व्होल्टेज दिसलं तर सुरुवात करू नका.

सिडको_थ्रॅश
आणि १५ वॅटच्या अँपचा आवाज मोठा करत बसू नका. खुर्चीवर ठेवा, स्पीकरच्या मधल्या टोपीच्या कडेला, जाळीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर एसएम ५७ माइक लावा. डीजेवाल्यांची सिस्टिम खालच्या सुरांना सजवलेली असते, गिटारवर ९० हर्ट्झखालचं कापायला सांगा. ड्रमच्या मागे मंडपवाल्याकडच्या सतरंज्या दुहेरी टांगा. किकला माइक द्या, झांजांना नको.