तंबूच्या तळाला कापड कोणते लावावे : ३० डेनियर की ७० डेनियर?

घाटमाथा (कोथरूड) :
दोन ट्रेकिंग काठ्यांवर उभा राहणारा, एका माणसापुरता तंबू मी घरीच शिवत आहे. वरचे कापड ठरले, तळाचे मात्र ठरत नाही. कडा वर वळवायच्या तर तळाला सुमारे ३ चौरस मीटर कापड लागते. ३० डेनियरचे (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचे माप) सिलनायलॉन, म्हणजे सिलिकॉनचा लेप असलेले नायलॉन, घेतल्यास त्याचे वजन साधारण १३५ ग्रॅम भरते आणि पीयू (पॉलियुरेथेन) लेपाचे ७० डेनियरचे नायलॉन घेतल्यास साधारण २४० ग्रॅम. माझे मत जाड कापडाकडे आहे. मागच्या पावसाळ्यात गुंजवण्याला मित्राच्या पातळ तळाच्या तंबूत पहाटे गुडघे टेकून स्लीपिंग बॅग गुंडाळत असताना, कापड कुठेही फाटलेले नसूनही, गुडघ्यांखाली दोन ओले गोल उमटले. ७० किलोचा माणूस २०० चौरस सेंटिमीटरवर भार टाकतो, तेव्हा तो दाब ३,५०० मिलिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका होतो. १,२०० मिलिमीटर पाण्याचा दाब अडवण्याची क्षमता असलेले पातळ कापड तिथे पुरणार कसे?

हलकेओझे (सिंहगड रस्ता) :
दादा, गणित बरोबर आहे, निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. आपण रात्रभर गुडघ्यांवर बसत नाही. मॅटवर आडवे झाल्यावर तोच भार ५,००० चौरस सेंटिमीटरवर पसरला, तर दाब जेमतेम १४० मिलिमीटरचा उरतो. आपल्या डोंगरांत तळाचा खरा शत्रू म्हणजे कारवीचे तोडलेले खुंट आणि मुरमातले धारदार खडे, आणि खुंट नेमका खाली आला तर ७० डेनियरलाही भोक पडतेच. त्यापेक्षा पातळ तळाखाली टायव्हेकचा (कागदासारखे दिसणारे चिवट प्लास्टिकचे कापड) २ चौरस मीटरचा तुकडा अंथरावा. दोन्ही मिळून वजन २२० ग्रॅमच्या आसपास राहते, आणि फाटला तर तुकडा बदलता येतो, तंबूचा तळ उसवावा लागत नाही. तो तळापेक्षा चार बोटे आत ठेवावा, नाहीतर वरून ओघळलेले पाणी दोन थरांच्या मध्ये साचते.

सुईदोरा (सदाशिव पेठ) :
जाडीवरून वाद चालला आहे, पण लेपाकडे कोणीच पाहत नाही, याचे मला वाईट वाटते. माझा पीयू लेपाचा जुना तंबू पावसाळ्यानंतर किंचित दमट असतानाच माळ्यावर गेला. पुढच्या जूनमध्ये उघडला तेव्हा तळ हाताला चिकटत होता, उग्र वास येत होता आणि लेपाचे पापुद्रे नखाला सुटून येत होते. दमटपणामुळे हा लेप विघटित होतो, मग कापड ७० डेनियरचे असले तरी उपयोग काय? सिलिकॉनला हा रोग नाही. मात्र त्याच्या शिवणीवर पाणी अडवणारी नेहमीची पट्टी चिकटत नाही, ती सिलिकॉननेच बुजवावी लागते, आणि उतारावर मॅट घसरते ती वेगळीच. म्हणून बाहेरून सिलिकॉन आणि आतून पीयू असलेले कापड मला अधिक पटते, कारण आतून पट्टी लावता येते. त्यातही पॉलिएस्टर घ्यावे. नायलॉन भिजले की सैल पडते.

रानवारा (औंध) :
डायनिमा (दोन पातळ थरांमध्ये मजबूत धागे बसवलेले कापड) घ्या आणि मोकळे व्हा. ते ताणत नाही, पाणीही पीत नाही.

हलकेओझे :
रानवारा, छतासाठी मान्य. तळाशी त्याचा वरचा पातळ थर घासून बारीक छिद्रे पडतात, आणि किंमत पाहता ते मला परवडणारे नाही.

घाटमाथा :
ताई, लेपाचा मुद्दा मी धरलाच नव्हता, त्यामुळे पीयू नायलॉन आता यादीतून काढतो. पण हलकेओझे, टायव्हेकबद्दल शंका उरतेच. काळोखात, वाऱ्यात, भर पावसात दोन वेगवेगळे थर नीट अंथरणे म्हणजे आणखी एक काम, आणि तुकडा सरकला की पातळ तळ पुन्हा थेट खड्यांवर. मी सिलनायलॉन आणि सिलिकॉन-पीयू लेपाचे पॉलिएस्टर अशा दोन्ही कापडांचे अर्धा-अर्धा मीटर तुकडे मागवतो. ओल्या स्पंजावर कापड, कापडावर टिश्यू पेपर आणि त्यावर गुडघा, अशी पाच मिनिटे चाचणी घेईन.

हलकेओझे :
तीच चाचणी मॅट ठेवूनही घ्या, आणि दोन्ही टिश्यूंचे फोटो इथे टाका.