मदत हवी आहे: ड्युअल बूटमध्ये दोन्हीकडचं एन्क्रिप्शन कसं करायचं?

मंडळी, एकाच एसएसडीवर विंडोज ११ प्रो आणि उबुंटू असं दोन्ही आहे. लॅपटॉप घेऊन फिरणं वाढलंय, त्यात क्लायंटच्या फायली, चोरीला गेला तर डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली की सगळं उघडंच, म्हणून एन्क्रिप्ट करायचंच ठरवलंय.

विंडोजवर बिटलॉकर (विंडोजचं स्वतःचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू केलं, ते सरळ झालं. पण आता ग्रबच्या (उबुंटूचा बूट लोडर) मेन्यूतून विंडोज निवडलं की निळी स्क्रीन येते आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागते, आणि तेच बायोसच्या बूट मेन्यूतून थेट विंडोज बूट मॅनेजर घेतला तर काही न विचारता सुरू होतं. मला वाटतं टीपीएम (चावी जपणारी मदरबोर्डवरची चिप) बूटची साखळी तपासते आणि मध्ये शिम (ग्रबच्या आधी चालणारा छोटा लोडर) आणि ग्रब आले की हिशोब जुळत नाही म्हणून चावी देत नाही. बरोबर ना?

उबुंटू अजून तसंच उघडं आहे. लक्स (लिनक्सचं डिस्क एन्क्रिप्शन) करायला परत इन्स्टॉल करावंच लागेल का? आणि दोन्हीकडून वापरायचं एक एनटीएफएस (विंडोजची फाइलसिस्टिम) डेटा पार्टिशन आहे त्याचं काय करू, व्हेराक्रिप्ट (दोन्हीकडे चालणारं मोफत एन्क्रिप्शन सॉफ्टवेअर) की बिटलॉकर?

प्रतिसाद:
टीपीएमचं बरोबर ओळखलंत. ग्रबमधून विंडोजला जाणं सोडा. उबुंटूतूनच efibootmgr या कमांडने 'पुढचं बूट विंडोज' असं सांगून रीस्टार्ट करता येतं, तेवढं पुरतं.

लक्स २ असेल तर क्रिप्टसेटअपने (लक्स हाताळणारी कमांड) जागच्या जागी एन्क्रिप्ट करता येतं, पण लाइव्ह यूएसबीवरून, आणि हेडरसाठी (लक्सची स्वतःची माहिती) जागा व्हावी म्हणून फाइलसिस्टिम आधी थोडी लहान करावी लागते. मध्येच काही बिघडलं तर बोंब, त्यामुळे बॅकअप आहेच तर मी तरी नवीन इन्स्टॉल करेन. बूट पार्टिशन वेगळं आणि एन्क्रिप्ट न केलेलं ठेवा, कारण लक्स २ डिफॉल्टला आर्गॉन २ आयडी (पासवर्डवरून चावी बनवायची पद्धत) वापरतं आणि बऱ्याच डिस्ट्रोंमधल्या ग्रबला ते उघडता येत नाही.

डेटाला बिटलॉकर चालेल, क्रिप्टसेटअप २.३ पासून ते लिनक्समध्ये उघडतं. फक्त विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर एनटीएफएस अर्धवट झोपलेल्या अवस्थेत राहतं आणि तिकडून लिहिता येत नाही. आणि ती ४८ आकडी की याच लॅपटॉपवर ठेवू नका हो.

उबुंटू हायबरनेट करता का? करत असाल तर स्वॅपपण (हायबरनेटच्या वेळी मेमरी जिथे उतरते ती डिस्कवरची जागा) लक्सच्या आत घ्यावा लागेल, ते आधी सांगा.