शब्दचर्चा : सी-आर्म ‘धडकतो’, ‘आदळतो’ की नुसता ‘लागतो’?

अनुवादिनी
कॅथलॅबच्या, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासतात त्या खोलीच्या, सूचनांचं मराठी करतेय. अँजिओग्राफीच्या मशीनबद्दल (पेशंटभोवती फिरणारा त्याचा ‘सी’च्या आकाराचा हात म्हणजे सी-आर्म) ‘कोलिजन अव्हॉइडन्स’ आणि ‘मोशन कंट्रोल’ पानोपानी येतं. सध्या ‘टक्कर-निवारण’ आणि ‘गती-नियंत्रण’ लिहून ठेवलंय, पण वाचताना घाटातली एसटी आणि ट्रकच डोळ्यांपुढे येतात. काही सुचतंय का?

शब्दपिसाट
निवारण नको. आधीच उपटलेलं दूर करायचं ते निवारण : तक्रार, शंका, दुष्काळ. इथे ते होऊच द्यायचं नाही, म्हणजे ‘टाळणे’. रेल्वेने गाड्यांची टक्कर टाळणाऱ्या यंत्रणेला सरळ ‘कवच’ म्हटलंय. कोकण रेल्वेचं ‘रक्षा कवच’ तर त्याच्याही आधीचं. तोच शब्द उचला.

कॅथलॅबकर
कवच नको हो. आमच्या खोलीत कवच म्हणजे एक्स-रेपासून वाचायला अंगावर घालतो तो शिशाचा एप्रन. उगाच घोळ होईल.

टक्करही पटत नाही. टक्कर द्यायला दोघं तोलामोलाचे लागतात. इथे पेशंट टेबलावर आडवा, ‘हलू नका’ असं बजावलेला, आणि येतंय ते फक्त मशीन. ‘धडक’ तर मोर्चाची. ‘आदळणं’ जरा जवळचं, पण मशीन आदळण्याइतक्या जोरात सहसा येतच नाही.

आम्ही दिवसभर काय म्हणतो सांगू? ‘लागतंय.’ “सर, कोपराला लागतंय, डिटेक्टर वर घ्या.” (डिटेक्टर म्हणजे सी-आर्मच्या टोकाचा, किरणं टिपून चित्र दाखवणारा भाग.) क्रेनियल अँगल, म्हणजे डोक्याकडचा कोन, दिला की डिटेक्टर तोंडाकडे झुकतो, लॅटरल, म्हणजे बाजूचा, घेतला की हात डोक्यावर न्यावे लागतात, नाहीतर लागलंच. आणि डिटेक्टर लांब ठेवून भागत नाही. लांब गेला की चित्र पुसट होतं आणि तेवढ्याच उजेडासाठी मशीन किरणं वाढवतं. म्हणून तो छातीला जवळजवळ टेकवायचा, पण टेकू द्यायचा नाही. सगळी कसरत त्या चार बोटांत आहे.

शब्दपिसाट
‘लागणे’ बोलायला गोड, पण मशीन लागलं म्हणजे बसवलं, की स्पर्श झाला, की इजा झाली?

दुरुस्तीवाला
मी या मशीनची देखभाल करतो. शब्दपिसाटांचा मुद्दा खरा आहे, कारण मशीनला हे वेगवेगळं कळतं. डिटेक्टरच्या तोंडाशी अंग *जवळ* आलं की वेग कमी होतो. मोबाइलच्या स्क्रीनला बोट कळतं, काहीशी तीच युक्ती, फक्त इथे टेकायच्या आधीच कळतं. *टेकलं* की थांबतं, आणि मग बहुधा मागेच जाऊ देतं. सी-आर्म आणि टेबलाच्या मध्ये हात सापडला तर तो *चेपतो*. खरी भीती त्याची. तिघांना एकच ‘टक्कर’ म्हटलं तर वाचणाऱ्याला काहीच कळणार नाही.

शिवाय मशीनला स्वतःचं अंग ठाऊक, टेबल किती वर आहे ते ठाऊक. त्यावरून ते हिशेब मांडतं. सलाइनचा स्टँड कुणी कुठे सरकवलाय ते त्याच्या हिशेबात नसतं. लोंबणारी ऑक्सिजनची नळीही नसते.

एक गंमत. सीमेन्सच्या आर्टिस झीगो या अँजिओग्राफी मशीनमध्ये सी-आर्म धरतो तो मुळात कारखान्यातल्या रोबोटचा हात. कारखान्यात त्याला जाळीच्या आत कोंडतात, माणूस बाहेर. इथे माणूसच जाळीच्या आत झोपलेला! म्हणून थ्रीडीची जोरकस फेरी मारण्याआधी एक फेरी सावकाश मारून बघतात, कुठे अडतंय का. त्याला मी तरी ‘रंगीत तालीम’ म्हणतो.

शाळामास्तर
दुसऱ्या शब्दाकडे कुणी बघतच नाही. बालभारतीत ‘गती’ म्हणजे मोशन, ‘चाल’ म्हणजे स्पीड, ‘वेग’ म्हणजे व्हेलॉसिटी. शाळेचं दार ओलांडलं की गती म्हणजे भरधाव. ‘गती-नियंत्रण’ वाचून लोकांना वाटेल, रस्त्यावरच्या गतिरोधकाचा भाऊ. ‘हालचाल’ लिहा. (‘चाल’ सुचवणार होतो, पण मग चाळ, बुद्धिबळ आणि भावगीत तिन्ही आठवतात.)

अनुवादिनी
‘हालचाल’ घेतला. अजून एक काटा आहे, ‘डेडमॅन स्विच’. हात काढला की मशीन थांबतं तो. ‘मृत’ हा शब्द पेशंटच्या उशाशी लिहायची माझी हिंमत नाही.

शब्दपिसाट
लोकलच्या मोटरमनकडेही तसंच हँडल असतं, तिथे सगळे डेडमॅनच म्हणतात. तिथे चालतं, प्रवाशाला ते दिसत नाही.

कॅथलॅबकर
‘सोडताच थांबणारं बटण’. झालं.

अनुवादिनी
मग असं ठरवते. पुस्तिकेत ‘स्पर्श टाळणारी यंत्रणा’, आत ‘जवळ येणे’, ‘टेकणे’, ‘चेपणे’ वेगवेगळे. टेबलाच्या कडेला चिकटवायची सूचना :
“मशीन फिरताना हात कडेबाहेर काढू नका. चेपेल.”

दुरुस्तीवाला
‘चेपेल’ मोठ्या अक्षरात. आणि चिकटवाल ती पेशंटला झोपल्या झोपल्या वाचता येईल अशा जागी. मागच्या खेपेला एका ठिकाणी टेबलाच्या खालच्या अंगाला लावली होती. मी उताणा होऊन वाचली.