कोल्हापूर कमी खर्चात: नदीकाठ आणि संग्रहालयं (अनुभव धागा)

एक-दोन दिवस, पायी नाहीतर केएमटी (शहर बस)-एसटीने, कमीत कमी पैशांत कोल्हापूर कसं बघावं, हे माहीतगारांनी इथे लिहावं. कुठून सुरुवात करायची, किती वेळ लागतो, काय बंद असतं, कुठे फसगत होते एवढंच. 'भारी आहे, नक्की बघा' हे सगळ्यांना माहीत आहे.

शुक्रवार पेठेतून

पंचगंगा घाटापासून सुरू करा, तेही सकाळी आठच्या आत. अंबाबाईच्या देवळापासून गंगावेशमार्गे चालत वीसेक मिनिटं. तिकीट नाही. पाणी उतरलेलं असेल तर पात्राकडच्या पायऱ्या, छोटी देवळं, दीपमाळा सगळं मोकळं दिसतं. जुलै-ऑगस्टमध्ये यातलं बरंच पाण्याखाली जातं. म्हणून पावसाळ्यात निघण्याआधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघायची, इथे सगळे त्याच आकड्यावर बोलतात. 39 फूट इशारा, 43 फूट धोका. 2019 आणि 2021 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं. आकडा इशाऱ्याजवळ असेल तर घाट विसरा, आणि पन्हाळ्याचा रस्ता चालू आहे का तेही आधी विचारा.

त्रिपुरी पौर्णिमेला घाटावर दीपोत्सव असतो, पण पहाटे. संध्याकाळी जाणाऱ्याला विझलेल्या पणत्या दिसतात.

सीपीआर चौकाजवळून

वरच्यांच्या पुढे जोडतो. घाटाला लागूनच ब्रह्मपुरीचं टेकाड आहे. आज नुसतं बघून काही कळत नाही, वस्ती आहे. पण सातवाहनकाळचं गाव इथेच होतं. 1940 च्या दशकात इथे ब्राँझच्या वस्तू सापडल्या आणि 1945-46 ला रीतसर उत्खनन झालं. तो ऐवज आहे टाऊन हॉलच्या सरकारी संग्रहालयात. ब्रह्मपुरीवरून तोरस्कर चौक, तिथून सरळ सीपीआर, म्हणजे सरकारी दवाखाना. दवाखान्याच्या शेजारच्या बागेत दोन टोकदार मनोऱ्यांची काळ्या दगडाची इमारत दिसते, तोच टाऊन हॉल. चालत वीस मिनिटं. वस्तू जिथे निघाल्या तिथून जिथे ठेवल्यात तिथवर असं चालत गेलं की दोन्हींचा अर्थ लागतो, म्हणून हा क्रम उलटा करू नये.

आत गेल्यावर बहुतेक जण तलवारी-बंदुकांकडे वळतात. आधी पोसायडन शोधा. ग्रीक समुद्रदेव, रोमन काळातला, ब्राँझचा, उंची वीतभरसुद्धा नाही, त्यामुळे नजरेतून सुटतोच. भार एका पायावर, एक हात वर उचललेला. त्या हातात कधीकाळी त्रिशूळ असावा. समुद्रापासून सह्याद्री ओलांडून इतक्या आत, पंचगंगेच्या काठी हा देव व्यापाऱ्यांबरोबर आला. तिथलाच स्वार बसलेला छोटा ब्राँझचा हत्तीही बघा. मग चित्रं: आबालाल रहमान आणि कोल्हापूरच्या इतर चित्रकारांची. प्रकाश बेताचाच असतो आणि काचेवर खिडकीचं प्रतिबिंब पडतं. समोर उभं न राहता थोडं तिरकं उभं राहिलं की नीट दिसतं. एकूण तासभर पुरे. बाहेर बागेतल्या मूर्ती आणि तोफा फुकट आहेत, त्यांना पंधरा मिनिटं द्या.

साडेदहानंतर जा, पाचच्या आत बाहेर पडा. तिकीट चहा-नाश्त्यापेक्षा कमी. सुट्टे ठेवा.

राजारामपुरीतून

सोमवार!! हे कोणी लिहिलंच नाही. टाऊन हॉल सोमवारी बंद. चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालयही सरकारीच, तेही सोमवारी बंद. शनिवार-रविवारला जोडून सोमवार काढणारे हमखास इथेच अडकतात. सोमवार घाट, रंकाळा तलाव आणि देवळासाठी ठेवा.

मांडरे संग्रहालय राजारामपुरीत, त्यांच्याच बंगल्यात. लोक त्यांना सिनेमातले नट म्हणून ओळखतात, इथे त्यांची निसर्गचित्रं आणि पावडर शेडिंगची कामं आहेत. पाऊण तास. गर्दी जवळपास नसतेच.

कसबा बावड्याहून

नवा राजवाडा: 1877 ते 1884 मधलं बांधकाम, आराखडा ब्रिटिश वास्तुकार मेजर मँटचा, टाऊन हॉलही त्याचाच. तळमजल्यावर शहाजी छत्रपती संग्रहालय, आत फोटो बंद. तिकीट टाऊन हॉलपेक्षा जास्त. दरबार हॉलच्या रंगीत काचांवर शिवचरित्रातले प्रसंग आहेत, ते बघायला ऊन असलेलं बरं. ढगाळ दिवशी काचा मेलेल्या दिसतात. पेंढा भरलेली जनावरं खूप आहेत. लहान मुलं एकतर खिळून राहतात नाहीतर घाबरतात. माझं मत: पैसे मोजकेच असतील तर आधी टाऊन हॉल, उरले तर राजवाडा.

महाद्वार रोडवरून

अंबाबाईच्या देवळात गाभाऱ्याची रांग मोठी असेल तर मुखदर्शनाची रांग घ्या, वेळ खूप वाचतो. वाचलेला वेळ बाहेरून प्रदक्षिणेला द्या, कारण खरं कोरीव काम बाहेरच्या भिंतीवर आहे. किरणोत्सव 9 ते 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी, मावळतीला. पहिल्या दिवशी सूर्याची किरणं देवीच्या पायांशी, तिसऱ्या दिवशी चेहऱ्यापर्यंत. धुकं, ढग किंवा वाटेतलं बांधकाम आडवं आलं की किरणं अर्ध्यावरच विरतात, त्यामुळे फक्त त्यासाठी लांबून येऊ नका.

मागच्या बाजूने भवानी मंडप, पुढे खासबाग मैदान. केशवराव भोसले नाट्यगृह तिथेच, पण ऑगस्ट 2024 च्या आगीत जळालं. रात्री गंगावेशेत दूध कट्टा, म्हशीचं धारोष्ण, समोर काढून देतात. सवय नसेल तर अर्धाच ग्लास सांगा.

जयसिंगपूरहून

दुसरा दिवस असेल तर सीबीएसवरून (मध्यवर्ती बसस्थानक) एसटीने नरसोबाची वाडी, कृष्णा-पंचगंगेचा संगम. तिथून कुरुंदवाडमार्गे खिद्रापूर. वाडी-कुरुंदवाडला गाड्या भरपूर, खिद्रापूरला मोजक्या. उतरल्या उतरल्या कंडक्टरला परतीची वेळ विचारा. ती गाडी चुकली की रिक्षाचं भाडं दिवसभराच्या खर्चाच्या वर जातं.

खिद्रापूरच्या कोपेश्वर देवळाचा स्वर्गमंडप 48 खांबांचा, वरून गोल उघडा. भर दुपारीच बघा. एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत उन्हाचा गोल जवळजवळ नेमका खालच्या गोल शिळेवर पडतो. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, मग तोच गोल उत्तरेच्या खांबांवर चढतो आणि तिथलं कोरीव काम उजळतं. फोटोसाठी मला डिसेंबरच बरा वाटतो. मे मध्ये फरशी इतकी तापते की अनवाणी उभं राहवत नाही, मोजे ठेवा.